निंबारपाड्याची यादी

८ जानेवारी २०२४, सोमवार

मुलीने, राखीने, ही डायरी आणून दिली. रोज दोन ओळी लिहा, मन मोकळे होईल, असे म्हणाली. हा उपाय तिला तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी सांगितला असणार. तिथे सगळ्यांना सगळ्यावर उपाय माहीत असतात.

मी आजवर एकाच प्रकारची दैनंदिनी लिहिली आहे, मतदान केंद्राध्यक्षाची. नोकरीच्या सुरुवातीला लिहिली, पुढे निवडणूक शाखेत आल्यावर इतरांच्या तपासल्या. तिला छापील रकाने असतात. किती मते झाली, किती पुरुष, किती स्त्रिया. शेवटी एक रकाना 'अनुचित घटना'. त्यात 'निरंक' लिहायचे आणि सही करायची. या कोऱ्या पानांवर काय लिहायचे ते कळत नाही.

तरी नोंद करतो. माझी बायको अंजली जाऊन आज तीस दिवस झाले. पुण्यानुमोदनाला शंभर-सव्वाशे माणसे आली. भन्तेजी बोलत असताना मागे दोघे जण नाशिकच्या द्वारका चौकातला पूल पाडणार की नाही यावर वाद घालत होते. जाताना प्रत्येकाने 'फार शांत बाई होती' असे सांगितले. पस्तीस वर्षे तिच्या हातचा चहा पिऊन यांना एवढेच कळले.

११ जानेवारी, गुरुवार

सकाळी बीएलओ आली. मीना नाव. अंगणवाडीत काम करते, त्यावर हे मतदार यादीचे काम. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, त्याची काच फुटलेली.

म्हणाली, "काका, काकूंचं नाव कमी करायचंय ना? नमुना सात आणलाय. सही केली की झालं."

मला ही पद्धत आवडली नाही. नमुना झेरॉक्स होता आणि खालची ओळ कापली गेली होती. मी तो परत दिला आणि नीट छापलेला आणायला सांगितले. मयताचे नाव यादीत राहिले की त्यावर कोणीतरी मत टाकून जातो. म्हणून ते ताबडतोब काढायचे असते, पण रीतीने. तीस वर्षे मी हेच लोकांना सांगत आलो. मृत्यूनंतर महिना उलटला तरी अर्ज न देणाऱ्यांना मी टेबलासमोर उभे करून बोललो आहे. आता या मुली कापलेला कागद घेऊन फिरतात.

१४ जानेवारी, रविवार

प्रा. कुंदन देवरे आले होते. निवृत्त प्राध्यापक, राज्यशास्त्र. जुन्या मालेगाव लोकसभा मतदारसंघाचा इतिहास काढत आहेत. हा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत रद्द झाला. मालेगाव, बागलाण धुळ्यात गेले, कळवणकडचा भाग दिंडोरीत. शेवटची निवडणूक २००४ ची. तेव्हा कोणी हूं का चूं केले नाही. आता सोळा वर्षांनी सरांना त्याची आठवण झाली.

ग्रंथाचे नाव : 'मालेगाव लोकसभा मतदारसंघ : उदय, वाटचाल आणि विसर्जन'. विसर्जन करायला तो काय गणपती होता?

मी १९८५ ते १९९२ कळवण तहसीलला होतो, निवडणूक शाखेत. म्हणून 'प्रशासनाचे योगदान' हे प्रकरण मी लिहावे असे त्यांचे म्हणणे. खर्च स्वराजभाऊ करणार आहेत. ते कोण असे विचारल्यावर सरांनी माझ्याकडे दयेने पाहिले. होर्डिंगवर हात जोडून उभे असतात ते. त्यांच्या आजोबांवर स्वतंत्र प्रकरण आहे, 'मतदारसंघाचे शिल्पकार'. मला ते आजोबा चांगले आठवतात. मतदानाच्या दिवशी जीप फिरवायचे. शिल्प काही पाहिले नाही.

मी होकार दिला. घरात बसून घड्याळाकडे पाहण्यापेक्षा बरे.

१९ जानेवारी, शुक्रवार

प्रकरणाला सुरुवात केली. सरांना भाषा 'ओघवती' हवी आहे. मी मुद्देसूद लिहितो.

कळवणचे डोंगर आणि मालेगावचे यंत्रमाग एका मतदारसंघात कोणी आणि का घातले, हे मला तेव्हाही कळले नव्हते. डोंगरातल्या माणसाने मालेगाव पाहिलेले नसे आणि मालेगावच्या माणसाने डोंगर. दोघे एकाच खासदाराला मत देत आणि तो दोघांनाही दिसत नसे. ही दोन वाक्ये सर ठेवणार नाहीत, तरी लिहिली.

याद्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिले आहे. तेव्हा संगणक नव्हता. छापील यादीतली वगळलेली नावे आम्ही केंद्रावर जाणाऱ्या प्रतीत हाताने खोडायचो. तांबड्या शाईची एक रेघ, पट्टी लावून, आणि समासात खोडणाऱ्याची बारीक सही. कोणी विचारले तर जबाबदार माणूस सापडला पाहिजे. मतदानाचे वय अठरावर आले ते साल १९८९. नावे ढिगाने वाढली होती आणि आम्ही चौघे कारकून दोन आठवडे पट्टी घेऊन बसलो होतो.

उदाहरण म्हणून एक प्रसंग दिला आहे. त्याच वर्षी मे महिन्यात माझे लग्न झाले होते. अंजलीचे माहेर निंबारपाडा, कळवणच्या पुढे बारा किलोमीटर. त्या गावाची प्रत माझ्याच टेबलावर आली. बौद्धवाडीत फकिरा, म्हणजे माझे सासरे, यांच्या घरात तिसऱ्या ओळीला अंजलीचे नाव. उन्हाळ्यात नवीन लागलेले. लग्न होऊन ती कळवणला माझ्या खोलीवर आली होती, म्हणजे त्या गावची रहिवासी राहिली नव्हती. वगळणीच्या यादीत तिचे नाव आले नव्हते, तरी मी ते पट्टी लावून खोडले आणि सही केली. तहसीलदारांनी सर्वांसमोर सांगितले होते, या माणसाने स्वतःच्या बायकोलाही सोडले नाही. आज असे काम कोण करते?

कळवणच्या यादीत तिचे नाव घालायचे राहिले. मुदत संपली होती. नंतर नाशिकला बदली झाली, १९९५ ला इथल्या यादीत घातले. पण तिने मत कधी दिलेच नाही. मी दर निवडणुकीला ड्युटीवर, त्यामुळे घरून न्यायला कोणी नाही. निवृत्तीनंतर २०१९ ला मी स्वतः 'चल' म्हणालो. म्हणाली, तुम्ही जाऊन या, माझे गुडघे दुखतात. त्याच संध्याकाळी भाजी आणायला पायी गेली. तिला या विषयात रस नव्हता. पुष्कळ बायकांना नसतो.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

मीना पुन्हा आली. नमुना छापील, पण तिने त्यात माझा अनुक्रमांक पेन्सिलीने भरून आणला होता. पेन्सिल चालत नाही. परत दिला. ती म्हणाली, "काका, माझ्या यादीत आता तुमचंच एक बाकी आहे. वरचे रोज विचारतात."

वरचे विचारतातच. मी पण वर होतो.

११ फेब्रुवारी, रविवार

आज सरांच्या गाडीतून कळवण भागात जाऊन आलो. त्यांना 'प्रत्यक्ष भूमी' पाहायची होती. देवळा गावाजवळ कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. सरांनी गाडी थांबवून फोटो काढला. मला म्हणाले, हा या मतदारसंघाचा आत्मा. ट्रॅक्टरवरचा माणूस म्हणाला, "सायेब, लायनीत यायचं आसंल तर मागून या." सर खिडकीची काच वर करून बसले. सहलीतला हा एक प्रसंग मला आवडला.

दुपारी निंबारपाड्याला. मेहुणा भिकन आणि त्याची बायको सुलाबाई घरी होते. अंजली गेल्यानंतर मी तिथे पहिल्यांदाच गेलो. भिकन बोलत नाही, सुलाबाई थांबत नाही. सरांनी तिला विचारले, मालेगाव मतदारसंघाच्या काही आठवणी? ती म्हणाली, मालेगावला एकदा गेले होते, लुगडी स्वस्त होती. सरांनी वही मिटली आणि शाळेचा फोटो काढायला गेले. शाळा म्हणजे मतदान केंद्र.

सर गेल्यावर मी चहा पीत सहज सांगितले की मी पण लिहितो आहे, आणि १९८९ चा प्रसंग त्यात घेतला आहे. मी तो हसत सांगितला. आजवर तो ऐकून माणसे हसत आली आहेत.

भिकन उठून उंबऱ्याशी जाऊन उभा राहिला. सुलाबाईने पदर नीट केला.

"दाजी, लिव्हतंच हायेत तर आख्खं लिव्हा. त्या दिशी ताई आली व्हती."

"कुठे?"

"हिथं. मत टाकायला. कळवनहून पैल्या गाडीनं."

भिकन पाठमोराच म्हणाला, "राहू दे ना. आता काय त्याचं."

"का राहू दे? ती गेली, आता कोनाची भीड?"

मग तिने सांगितले. जसे सांगितले तसे लिहितो.

मतदानाच्या आधी आठ दिवस माझे सासरे गावभर सांगत फिरत होते. बौद्धवाडीतल्या प्रत्येक बाईने आजवर मत टाकताना अंगठाच लावला होता. अंजली दहावी झालेली पहिली मुलगी. ती साहेबापुढे अंगठा लावणार नाही, सही करणार, आणि ती सही सगळ्यांनी पाहायला यायचे. त्यांनी वरच्या आळीच्या पाटलांनाही सांगितले होते. मी तेव्हा जिल्ह्याला मतपेट्यांच्या ड्युटीवर, तीन दिवस. अंजलीने मला 'माहेरी जाऊन येते' एवढेच सांगितले होते, ते आठवते. नवी साडी नेसून आली. सासरे पुढे, ती मागे, त्यांच्या मागे वाडीतल्या वीस-पंचवीस बायका. अशी शाळेपर्यंत मिरवणूकच.

"सायेबानं यादी पाह्यली. बोल्ला, बाई, तुझं नाव तांबड्या शाईनं खोडेल हे. सासरे त्याच्या अंगावर गेले. कोनी खोडलं, दाखव म्हने. त्यानं कागद फिरवून दाखवला. कडंला बारीक सही व्हती. ताईनं वाकून पाह्यली. अन् लगेच बोल्ली, बाबा, मीच कळवलं व्हतं त्याह्यला, लग्न झालं म्हनून. मी इसरूनच गेले."

मी विचारले, मग?

"मंग काय. येताना सासरे तिच्या पुढं चालत व्हते, जाताना मागं चालले. पाटलाच्या वट्ट्यावरून कोनी तरी हसलं. त्यानंतर त्याह्यनी मतदानाचं नाव काढलं नाय कधी. सोता जायचे, गपचिप अंगठा लावून यायचे."

मी म्हणालो, ती सही माझी होती हे तुम्हाला कसे कळले? प्रश्न चुकीचा होता, पण तोच सुचला.

"मला कुठं वाचता येतं, दाजी. लय वर्सांनी तिनंच सांगितलं. वर बोल्ली, कोनाला बोलू नको, ते लय इमानदार हायेत."

चहा गार झाला होता. सुलाबाईने तो नेऊन पुन्हा गरम करून आणला. जाताना तिने पत्र्याच्या पेटीतून एक दोनशे पानी वही काढून दिली. ताईची आहे, म्हणाली, तुम्हाला कामाला येईल.

परतीच्या वाटेत सर स्वराजभाऊंच्या आजोबांबद्दल बोलत होते. मी ऐकत नव्हतो.

१२ फेब्रुवारी, सोमवार

वही पाहिली. अक्षर अंजलीचे. पहिल्या पानावर 'निंबारपाडा, बौद्धवाडी व डोंगरवस्ती'. आखलेले रकाने : यादीतला क्रमांक, नाव, घर, शेरा. १९९१ पासून २००९ पर्यंत प्रत्येक निवडणुकीचा क्रमांक वेगळ्या शाईत. निवडणुकीआधी छापून उरलेल्या याद्यांच्या जास्तीच्या प्रती मी घरी आणायचो, कपाटात अंथरायला. ती त्या आधी वाचत असावी.

सवयीने आधी चुका शोधल्या. दोन तास शोधल्या. सापडल्या नाहीत.

पण कामाची पद्धत नियमात बसत नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे तिने वगळलेली नाहीत. शेऱ्यात लिहिले आहे, 'ओझरला दिली. येते.' किंवा 'सटाण्याला दिली. सासू पाठवत नाही.' मेलेल्यांसमोर 'वारले, पावसाळ्यात.' मजुरीला गेलेल्यांसमोर 'द्राक्षाला गेला. आला तर दुपारून.' एका ओळीत, 'अक्काबाई पुंजा. डोळ्याने कमी दिसते. हात धरणे.' दोनशे अकरा नावे. आख्ख्या वहीत एकाही नावावर रेघ नाही. इतकी गचाळ यादी मी कोणाकडून घेतली नसती.

फकिरांच्या घरात तिसऱ्या ओळीला तिचे स्वतःचे नाव आहे. क्रमांक नाही. शेरा नाही. कोरे.

१३ ते १७ फेब्रुवारी

निरंक.

१८ फेब्रुवारी, रविवार

राखी आली. वही तिच्यापुढे ठेवली. तिने उचलूनही पाहिली नाही, लांबूनच ओळखली.

"ही मामाकडे होती होय? आई दर मतदानाला घेऊन बसायची ना, शाळेसमोर, चिंचेखाली. सगळ्यांना नंबराच्या चिठ्ठ्या लिहून द्यायची. मी चिठ्ठ्या फाडायचे. अठ्ठ्याण्णवला मी इतकी भाजले उन्हाने..."

मग थांबली. "पप्पा, तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, मी ड्युटीवर असायचो.

"हो. तुम्ही गेलात की आम्ही निघायचो."

सरकारी चिठ्ठ्या घरोघर यायला लागल्यावर आईने जाणे बंद केले, असेही तिने सांगितले. आणि नाशिकला तिचे नाव होते ना, मग इथे मत का दिले नाही, असे मी विचारले, तर राखी बोटातली अंगठी फिरवत 'माहीत नाही' म्हणाली. दोन्हीकडे मतदान एकाच दिवशी असायचे, हे कारण असावे. २०१९ ला मात्र ती तिकडे जातही नव्हती. गुडघे असतील.

जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत मी तेवीस वर्षे होतो. कोणत्या गावात किती टक्के मतदान झाले ते मला तोंडपाठ असे. निंबारपाडा नेहमी वर असायचे. त्याचे कारण मी एका अहवालात 'प्रशासनाने केलेली जनजागृती' असे लिहिले होते. शेरा चांगला मिळाला होता.

३ मार्च, रविवार

प्रकरण पूर्ण करून सरांना दिले. १९८९ चा प्रसंग काढला आणि त्या जागी केंद्राध्यक्षाच्या दैनंदिनीतला शेवटचा रकाना तेव्हा भरायला हवा होता तसा भरून दिला. तो असा :

'अनुचित घटना : मौजे निंबारपाडा येथील स्त्री मतदार, वय वीस, नाव यादीत असताना व वगळणीचा आदेश नसताना कारकुनाने परस्पर खोडल्याने परत पाठविण्यात आली. मतदार सही करण्यास सक्षम होती. कारकुनाचे नाव : नवनाथ. कारण : आपण फार प्रामाणिक आहोत असे त्यास वाटत होते.'

तेव्हा केंद्राध्यक्षाने तिथे 'निरंक' लिहिले असणार. मीच ती दैनंदिनी तपासून पुढे पाठवली असणार.

९ मार्च, शनिवार

सरांचा फोन. प्रकरण उत्तम आहे, पण तो परिच्छेद 'व्यक्तिगत' वाटतो. ग्रंथाचा आवाका मोठा आहे, त्यात एका बाईचे एक मत कुठे बसवायचे? शिवाय आधीचा किस्सा छान होता, खुसखुशीत, तोच ठेवू.

मी म्हणालो, दोन्ही काढा. माझे नावही काढा.

"अहो नवनाथराव, असं मनाला लावून घेऊ नका. तुमच्यावर सध्या प्रसंग आहे, मी समजू शकतो."

पन्नास वर्षांच्या मतदारसंघाचा इतिहास लिहितात आणि त्यात मत बसत नाही. आजोबा बसतात, जीपसकट.

१६ मार्च, शनिवार

आज प्रकाशन होते. दुपारी तीनला आचारसंहिता लागली. कार्यक्रम साडेपाचचा. बोलावले म्हणून मी गेलो नव्हतो, पाहायला गेलो होतो. सभागृहाच्या दारात दोन माणसे शिडीवर चढून स्वराजभाऊंच्या चेहऱ्यावर वर्तमानपत्रे चिकटवत होती. जोडलेले हात तेवढे उघडे राहिले होते. सर बाजूला ग्रंथांच्या गठ्ठ्यांपाशी उभे. प्रत्येक प्रतीत भाऊंचा पानभर फोटो, त्यामुळे वाटताही येईनात. राज्यशास्त्राच्या प्राध्यापकाला निवडणूक कधी जाहीर होणार याचा अंदाज नव्हता.

मी एक प्रत मागितली. नियमाने देता येत नाही, असे त्यांनी मलाच सांगितले.

घरी येईपर्यंत हसू येत होते. हसू सांगावे असे घरात कोणी नव्हते.

१२ एप्रिल, शुक्रवार

मीना तिसऱ्यांदा आली. नमुना स्वच्छ, शाईने भरलेला, अनुक्रमांक बरोबर, दाखल्याची प्रत जोडलेली. मी तीनदा वाचला. चूक नव्हती.

ती दारातच उभी होती. मी बस म्हणालो. पाणी दिले. घाईत होती, पण बसली. तिचे माहेर सुरगाण्याकडे. मी विचारले, तुझे तिकडचे नाव कधी काढले?

"काय माहीत. एकदा मतदानाला गेले तर नव्हतंच. कोणी काढलं कळलं नाही." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काका, नाही जमत तर राहू द्या आज. पण नाव ठेवलं आणि कोणी भलतंच येऊन काकूंच्या नावावर मत टाकून गेलं तर तुम्हालाच वाईट वाटेल."

हे वाक्य माझे आहे. हजार वेळा मी लोकांना म्हटले आहे. ते असे पाणी पीत पीत म्हणायचे असते हे मला माहीत नव्हते.

सही केली. पेन नीट चालत नव्हता, दोनदा गिरवावी लागली. त्यामुळे थोडी वाकडी आली आहे. मीनाने ती तशीच घेतली. मी तिच्या जागी असतो तर परत दिली असती.

२० मे, सोमवार

मतदान. सकाळी सातला रांगेत पहिला होतो. टेबलावरच्या मुलाने पान उघडले. माझ्या नावाच्या खालच्या चौकटीत अंजलीचा फोटो, त्यावर 'वगळले' असा आडवा शिक्का. फोटो २००६ चा आहे, त्यात ती जरा रागावलेली दिसते. मुलगा म्हणाला, "आजोबा, सही." मी केली.

मग घरी न जाता कळवणच्या गाडीत बसलो. वही पिशवीत होती. कशासाठी निघालो ते विचारले असते तर सांगता आले नसते. बारा वाजून गेल्यावर निंबारपाड्याला पोचलो. चिंचेखाली दोन पक्षांची टेबले, लॅपटॉप, कोपऱ्यात पाण्याचा जार. मतदाराने नाव सांगायचे, पोरे दोन सेकंदांत चिठ्ठी छापून देत. मी वही घेऊन पलीकडच्या दगडावर बसलो. तासभर कोणी आले नाही. येणार कोण? म्हातारा माणूस जुनी वही घेऊन उन्हात बसला आहे, हे पाहून एका पोराने मला ज्योतिषी समजून हात पुढे केला. त्याला हाकलले.

दोनच्या सुमाराला डोंगरवस्तीकडून एक म्हातारी आली. टेबलांकडे वळलीच नाही. काठी टेकत सरळ चिंचेच्या या बाजूला, दगडापाशी आली आणि उभी राहिली.

"ताई यंदाबी नाय आली?"

मी म्हणालो, नाही आली.

"अक्काबाई पुंजा. माझं नाव हाय का, पाहा."

वहीत २००९ पर्यंतचेच क्रमांक. ते आता उपयोगाचे नाहीत. तरी मी पान काढले आणि हाय म्हणालो. ती थांबली. मला कळेना, अजून काय हवे.

"तू कोन?"

"ताईचा नवरा."

"मंग हात धर ना."

शेऱ्यात लिहिलेच होते. हात धरला आणि शाळेच्या दारापर्यंत नेले. पुढे सोबत्याला नमुन्यात लिहून द्यावे लागते, ते दिले. केंद्राध्यक्ष तरुण होता, नमुना शोधायला त्याला दहा मिनिटे लागली. कोणत्या पाकिटात असतो ते मी सांगितले. अक्काबाईने अंगठा लावला. शाई पुसू नये म्हणून बोट वर धरून ती बाहेर आली आणि डोंगराकडे निघून गेली.

पुन्हा दगडावर बसलो. फकिरांच्या घराचे पान उघडले. तिसऱ्या ओळीचा शेरा कोरा होता. खिशात दोन पेन असतात, तांबडा आणि निळा, अजून सवय गेलेली नाही. निळ्याने भरला.

'नाशिकला दिली. येते.'

नोंद चुकीची आहे. तशीच ठेवली आहे.